घराघरांत उभा राहणारा धर्मग्राम : सुवार्ताप्रसारक लहान गटांची उभारणी

कॅथलिक चर्चच्या रचनेत धर्मग्राम हा सामान्य श्रद्धावंताला सर्वांत जवळचा असणारा घटक होय. १९८३च्या धर्मसंहितेने धर्मग्रामाची व्याख्या करताना इमारतीचा उल्लेख केलेला नाही. बिशपांच्या अधिकाराखाली एका प्रमुख धर्मगुरूच्या पाळकीय देखरेखीत सोपवलेला श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय म्हणजे धर्मग्राम, असे ती सांगते. त्याच संहितेचे ५२८वे कलम प्रमुख धर्मगुरूची कर्तव्ये सांगताना बजावते की, ज्यांनी धर्माचरण सोडून दिले आहे आणि ज्यांची ख्रिस्तावर श्रद्धा नाही अशांपर्यंतही शुभवर्तमान पोहोचावे म्हणून त्याने श्रद्धावंतांना सोबत घेऊन झटले पाहिजे. काही हजार माणसांच्या धर्मग्रामात दोन-तीन धर्मगुरूंना हे काम एकट्यांनी पेलणे अशक्य असते. रविवारच्या मिस्सेला जे येतात त्यांचीही त्यांना पुरती ओळख होत नाही, आणि जे येत नाहीत ते का येत नाहीत, हे विचारायला सवड उरत नाही. सुवार्ताप्रसारक लहान गट ही या अडचणीला उत्तर म्हणून विचारपूर्वक घडवलेली कार्यपद्धती आहे. तिच्या उभारणीचे टप्पे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, तिचे यश गटांच्या संख्येवर किंवा उत्साहावर अवलंबून नसते. गटाबाहेर राहिलेल्या माणसाची आठवण गटाच्या प्रत्येक कृतीत किती जिवंत आहे, यावर ते अवलंबून असते.

या गटाचे बाह्य स्वरूप अगदी साधे असते. आठ-दहा प्रौढ श्रद्धावंत आठवड्यातून एकदा एखाद्याच्या घरी सुमारे दीड तास जमतात, प्रार्थना करतात, एकमेकांच्या आयुष्यात देवाने काय केले ते ऐकतात, प्रमुख धर्मगुरूची शिकवण समजून घेतात आणि आपल्या रोजच्या संबंधातील माणसांसाठी मध्यस्थी करतात. धर्मग्रामात अशा मंडळींचा तुटवडा आधीपासून नसतो. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी गरजूंच्या घरी जाते, १९२१ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन झालेली लीजन ऑफ मेरी भेटी व प्रार्थना यांचे काम नेमून देते, गायकवृंद उपासना सजवतो. या प्रत्येक मंडळाला आपापले ठरलेले काम असते आणि ते काम आवडणारी माणसे त्यात येतात. लहान गटाला मात्र असे कोणतेही वेगळे काम दिलेले नसते. साध्या श्रद्धावंताने जिथे आहे तिथेच, घरी, शेजारी, कार्यालयात, सुवार्तेचा साक्षीदार व्हावे आणि त्यासाठी लागणारे बळ त्याला दर आठवड्याला मिळत राहावे, एवढाच गटाचा हेतू असतो.

पद्धतीची वाटचाल

घरात जमणारा ख्रिस्ती समुदाय ही नवी कल्पना नाही. प्रेषितांच्या कृत्यांत येरुशलेमचे श्रद्धावंत मंदिरात जात आणि घरोघरी भाकर मोडत, असे वर्णन आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात संत पौल प्रिस्का व अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम कळवतो. सिरियातील दुरा-युरोपोस येथील उत्खननात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील जे उपासनागृह सापडले, ते मुळात एक राहते घर होते आणि त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधलेले होते. चौथ्या शतकात छळ थांबून भव्य बॅसिलिका उभ्या राहू लागल्यावर उपासनेचे केंद्र घराकडून सार्वजनिक वास्तूकडे सरकले. त्यातून चर्चला पुष्कळ मिळाले, परंतु एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या मंडळीचा अनुभव सामान्य श्रद्धावंताच्या वाट्याला पूर्वीसारखा राहिला नाही.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी स्वतंत्र आदेश काढला. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेला बाप्तिस्मा झालेला श्रद्धावंत. त्याचे प्रेषितकार्य धर्मगुरूंनी मेहेरबानीने दिलेले नसून बाप्तिस्मा व दृढीकरण या संस्कारांतूनच आलेले आहे, हा त्या आदेशाचा गाभा होता. १९६८ मध्ये मेदेयीन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी आणि १९७६ मध्ये पूर्व आफ्रिकेतील बिशपांनी लहान ख्रिस्ती समूहांना पाळकीय अग्रक्रम दिला. या दोन घटनांच्या दरम्यान, १९७५ मध्ये, पोप पॉल सहावे यांनी 'इव्हांजेली नुंशियांदी' या पत्रात अशा समूहांना आशेचे स्थान मानताना काही कसोट्याही घालून दिल्या : समूहाने देवशब्दावर पोसले जावे, राजकीय गटबाजीच्या आहारी जाऊ नये, स्थानिक चर्च व तिचे पाळक यांच्याशी नाते तोडू नये, सुवार्ता केवळ आपल्यालाच लाभली आहे असे समजू नये आणि आपली प्रेषितीय तळमळ वाढवीत राहावे.

आज कॅथलिक धर्मग्रामांत 'सुवार्ताप्रसाराच्या पेशी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लहान गटांच्या पद्धतीचा उगम मात्र कॅथलिक चर्चच्या बाहेरचा आहे. दक्षिण कोरियातील सोल येथे डेव्हिड योंगी चो या पेंटेकोस्टल पाळकाची मंडळी वाढत गेली आणि १९६४ मध्ये अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी घरोघरी जमणारे छोटे गट नेमले व त्यांची धुरा मुख्यतः स्त्रियांच्या हाती दिली. त्या काळच्या कोरियन समाजात हा निर्णय धाडसाचा होता. या अनुभवापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पेम्ब्रोक पाइन्स येथील सेंट बोनिफेस धर्मग्रामाचे फादर मायकेल आयव्हर्स यांनी ती पद्धत कॅथलिक उपासनेशी व शिकवणीशी जुळवून घेतली. फ्लोरिडाचे हे काम पाहण्यासाठी १९८६ मध्ये इटलीतील मिलान शहरातून डॉन पिएरजॉर्जो पेरिनी हे धर्मगुरू गेले आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या सांत'युस्तोर्जो धर्मग्रामात ती रुजवली. त्या कामातून वाढलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीला प्रापंचिकांसाठीच्या परमधर्मपीठीय परिषदेने २००९ मध्ये प्रयोगादाखल आणि २०१५ मध्ये कायम स्वरूपाची मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी या गटांच्या सदस्यांना व्हॅटिकनमध्ये भेट दिली.

सांत'युस्तोर्जो ही वास्तू स्वतःच सुवार्तेच्या प्रवासाची खूण आहे. मिलानचे पहिले ख्रिस्ती संत बर्णबाकडून या परिसरातील झऱ्यावर बाप्तिस्मा घेते झाले, अशी तेथील परंपरा सांगते. तीन ज्ञानी राजांचे मानले जाणारे अवशेष येथे होते, ते ११६४ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या विजयानंतर कोलोनला नेण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा काही अंश परत आला. त्यांची आठवण म्हणून या चर्चच्या घंटाघरावर क्रुसाऐवजी तारा आहे. परंतु एवढा वारसा असलेल्या धर्मग्रामातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहराचे सगळे प्रश्न होते : बाप्तिस्मा झालेले पुष्कळ, उपासनेला येणारे थोडे, आणि एकाच जिन्याने चढउतार करणारे शेजारी एकमेकांना अनोळखी. जुन्या वारशाने श्रद्धा आपोआप पुढच्या पिढीत उतरत नाही, हे जिथे ठळकपणे दिसत होते, तिथेच ही पद्धत उभी राहिली.

पहिल्या बैठकीपूर्वीचे काम

गट सुरू करणे म्हणजे रविवारी मिस्सेनंतर सूचना देऊन नावे नोंदवून घेणे, असा समज सर्वत्र आढळतो आणि बहुतेक अपयशांचे मूळ त्यातच असते. अशा नोंदणीतून उत्साही माणसे मिळतात, पण ती बहुधा आधीच चार मंडळांत असलेली असतात. गटात त्यांची आणखी एक बैठक वाढते आणि बाहेरचा माणूस बाहेरच राहतो. अनुभवी धर्मग्रामांत या कामाचा क्रम वेगळा असतो. प्रथम प्रमुख धर्मगुरू स्वतः निश्चय करतो की, धर्मग्रामातील असंख्य उपक्रमांत भर घालण्यासाठी हे काम हाती घ्यायचे नाही, तर सगळ्या उपक्रमांची दिशा बदलण्यासाठी घ्यायचे आहे. मग तो आठ-दहा माणसे शांतपणे निवडतो आणि काही महिने त्यांच्यासोबत प्रार्थना व अभ्यास करतो. पवित्र साक्रामेंतासमोरील आराधना, म्हणजे वेदीवर प्रतिष्ठित केलेल्या ख्रिस्तशरीरापुढे मौनात घालवलेला वेळ, या तयारीचा कणा मानला जातो. मिलानच्या पद्धतीत गटांची वाढ आणि आराधना या गोष्टी कधीच वेगळ्या केल्या जात नाहीत. जो माणूस बोलायला निघाला आहे त्याने आधी गप्प बसायला शिकावे, हे या आग्रहामागचे व्यावहारिक शहाणपण आहे.

निवडीची कसोटीही नेहमीच्या कसोट्यांहून वेगळी असते. उत्तम वक्ता, संघटनेत मुरलेला कार्यकर्ता किंवा धर्मशास्त्राचा जाणकार चांगला गटप्रमुख होतोच असे नाही. ज्याला दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबता येते, कानावर आलेली गोष्ट ज्याच्या पोटात राहते, ज्याचे घरच्यांशी वागणे आणि चर्चमधले वागणे यांत मोठी तफावत नसते आणि जो धर्मगुरूच्या सूचना मोकळ्या मनाने ऐकतो, अशा माणसाचा शोध घेतला जातो. त्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासूनच एक उपप्रमुख नेमला जातो, कारण पुढे गटाचे दोन गट झाले की त्याला दुसऱ्या गटाची जबाबदारी घ्यायची असते. गटप्रमुख हा शिक्षक नसतो, हे प्रशिक्षणात पुन्हापुन्हा सांगावे लागते. बैठक वेळेवर सुरू करणे, प्रत्येकाला बोलायला अवकाश देणे, वाद वाढू लागला तर तो थोपवणे, न आलेल्याची त्याच आठवड्यात विचारपूस करणे आणि गटातील अडचणी आपल्या देखरेखप्रमुखाला कळवणे, एवढेच त्याचे काम असते. देखरेखप्रमुख म्हणजे काही गटांच्या प्रमुखांची काळजी वाहणारा अनुभवी श्रद्धावंत. त्याच्यामार्फत सर्व गट प्रमुख धर्मगुरूशी जोडलेले राहतात.

घराची निवडही विचारपूर्वक करावी लागते. प्रशस्त दिवाणखाना असलेले घर सोयीचे वाटते, परंतु तिथे पाऊल ठेवताना गरीब शेजारी अवघडतो. यजमानाने खाण्यापिण्याचा थाट मांडला तर पुढच्या घरावर त्याचे ओझे पडते आणि हळूहळू ज्याला परवडत नाही तो आपल्या घरी गट बोलावत नाही. म्हणून चहापलीकडे काही ठेवायचे नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी पहिल्याच बैठकीत केला जातो. घरातल्या ज्या माणसांना सहभागी व्हायचे नाही त्यांची गैरसोय होणार नाही याची काळजी घेणे हादेखील साक्षीचाच भाग मानला जातो, कारण गट ज्या माणसापर्यंत पोहोचू पाहतो तो कित्येकदा आतल्या खोलीतच बसलेला असतो.

बैठकीची सात अंगे

मिलानच्या पद्धतीत बैठकीची सात अंगे ठरलेली आहेत आणि त्यांचा क्रम सहसा बदलला जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही शिस्त कडक वाटते, पण नवख्या माणसाला तिचाच आधार असतो, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असले की तो निर्धास्त बसतो. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात, मध्ये उघडे बायबल आणि मेणबत्ती असते, दूरचित्रवाणी संच बंद केलेला असतो. आरंभी स्तुतिगीत आणि उत्स्फूर्त प्रार्थना होते. मागण्यांनी सुरुवात न करता उपकारस्तुतीने करायची, असा संकेत आहे. आठवडाभराच्या विवंचना घेऊन आलेल्या माणसाचे मन त्यामुळे स्वतःकडून देवाकडे वळते.

दुसरे अंग सहभागाचे. या आठवड्यात प्रभूने माझ्यासाठी काय केले आणि मी प्रभूसाठी काय केले, या दोनच प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने थोडक्यात द्यायची असतात. हे अंग सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत अवघड ठरते. पहिल्या काही बैठकांत माणसे सर्वसाधारण बोलतात, देवाच्या कृपेने सगळे ठीक आहे असे म्हणून पुढच्याकडे पाहतात. मग कधीतरी कोणीतरी मुलाशी धरलेला अबोला, नोकरीवरची भीती किंवा आजारपणात आलेला राग उघड करतो आणि गटाचा सूर बदलतो. अशा क्षणी सल्ला देण्याचा मोह आवरणे ही गटाची खरी परीक्षा असते. कोणी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, त्याच्या अनुभवाचे मोजमाप करायचे नाही आणि इथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, हे तीन नियम मोडले की माणूस पुन्हा सर्वसाधारण बोलू लागतो आणि गट औपचारिक होतो.

तिसरे अंग शिकवणीचे. प्रमुख धर्मगुरूने ध्वनिमुद्रित केलेले सुमारे पंधरा मिनिटांचे विवेचन सर्व गट त्या आठवड्यात ऐकतात. पूर्वी कॅसेट घरोघरी जात, आता ध्वनिमुद्रण भ्रमणध्वनीवर पोहोचते. या व्यवस्थेमुळे दोन गोष्टी साधतात. गटप्रमुखावर शिकवण्याचा भार पडत नाही, आणि वेगवेगळ्या घरांत बसलेला धर्मग्राम एकाच विषयावर मनन करतो, त्यामुळे गट आपापल्या वाटेने भरकटत नाहीत. चौथ्या अंगात त्या शिकवणीचा आपल्या जगण्याशी संबंध लावला जातो. मला त्यातले काय लागू पडते, असा प्रश्न असतो, वक्त्याशी सहमत असणे-नसणे हा विषय नसतो. पाचव्या अंगात धर्मग्रामाच्या सूचना दिल्या जातात, आणि हा कोरडा वाटणारा भाग गटाला मोठ्या समुदायाशी बांधून ठेवतो. सहाव्या अंगात मध्यस्थीची प्रार्थना होते, तीत गटातील प्रत्येकजण आपल्या परिचयातील माणसांसाठी प्रार्थना मागतो. सातव्या व अखेरच्या अंगात आजारी वा दुखावलेल्या सदस्यासाठी सर्वजण मिळून आरोग्य मागतात. आजाऱ्यांना तैलाभ्यंग करण्याचा संस्कार धर्मगुरूच देऊ शकतो, तेव्हा या प्रार्थनेची त्या संस्काराशी गल्लत होऊ नये, ही दक्षता प्रशिक्षणात शिकवली जाते.

गटाबाहेरचा माणूस

या पद्धतीत 'ओइकोस' ही संज्ञा सतत वापरली जाते. ज्यांच्याशी माणसाचा नियमित संबंध येतो अशा सर्वांचे, म्हणजे कुटुंबीय, शेजारी, सहकारी, मित्र आणि रोज भेटणारा दुकानदार यांचे वर्तुळ, असा तिचा अर्थ आहे. प्रत्येक सदस्याने आपल्या वर्तुळातील काही नावे लिहून काढावीत, विशेषतः चर्चपासून दुरावलेल्यांची, आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करावी, अशी अपेक्षा असते. त्यानंतरचा टप्पा बोलण्याचा नसून सेवेचा असतो. दवाखान्यात सोबत जाणे, मुलाचा अभ्यास घेणे, एकटीने राहणाऱ्या वृद्धेची औषधे आणून देणे अशा कामांतून विश्वास निर्माण होतो. मग कधीतरी समोरचा माणूस विचारतो की, तुम्ही हे का करता, आणि तेव्हा सदस्याने आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते थोडक्यात, उपदेश न करता सांगायचे असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'इव्हांजेली गाउदियुम' या पत्रात व्यक्तीने व्यक्तीला सुवार्ता सांगण्याचा जो क्रम दिला आहे तो याच्याशी जुळतो : आधी संवाद, समोरच्याची सुखदुःखे ऐकणे, मग देवशब्द आणि परिस्थिती योग्य असेल तर छोटीशी प्रार्थना. गटात येण्याचे आमंत्रण या सगळ्यानंतरचे असते; प्रार्थना आणि आमंत्रण यांच्यामध्ये कित्येकदा वर्षे जातात, आणि तो काळ वाया गेला असे मानणारा सदस्य या कामाला अजून पक्का झालेला नसतो.

इथे स्वातंत्र्याचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालत नाही. ७ डिसेंबर १९६५ रोजी विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयी जाहीरनामा काढून, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, हे तत्त्व माणसाच्या प्रतिष्ठेवर आधारले. भारतीय संविधानाचे २५वे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व प्रचार करण्याचा हक्क सर्वांना सारखाच देते. पैसा, नोकरी, औषधोपचार किंवा भीती यांचा वापर करून मिळवलेली संमती सुवार्तेच्याच विरोधात जाते, म्हणून सेवेला कोणतीही अट जोडायची नाही, हा नियम गटाच्या प्रशिक्षणात प्रथम शिकवला गेला पाहिजे. व्यवहारातही या गटांचे मुख्य कार्यक्षेत्र बाप्तिस्मा झालेले पण दुरावलेले लोक हेच असते : लग्न मोडल्यावर चर्चमध्ये यायला संकोचणारे, एखाद्या धर्मगुरूच्या कठोर शब्दाने दुखावलेले, परगावाहून आल्यावर कोणीच न विचारल्याने तुटलेले. अशा माणसाला प्रथम त्याची तक्रार पूर्ण ऐकून घेणारे कोणीतरी हवे असते, आणि लहान गट ते देऊ शकतो.

विभागणीची वेळ

दहा-बारा माणसांपुढे संख्या गेली की प्रत्येकाला बोलायला वेळ उरत नाही, म्हणून गटाचे दोन गट केले जातात. जिवंत पेशी विभागून वाढते, या जीवशास्त्रीय निरीक्षणावरून पद्धतीला 'पेशी' हे नाव मिळाले आहे. कागदावर ही गोष्ट सरळ दिसते, पण प्रत्यक्षात ती दुखवते. ज्यांच्यासमोर माणसाने आपले मन प्रथमच उघडे केले त्यांच्यापासून वेगळे होण्याची वेळ येते आणि गट एकमुखाने म्हणतो की, आपण असेच राहू या. अनेक गट या वळणावर थांबतात. ते प्रेमळ राहतात, पण पुढे कोणालाही आमंत्रण देत नाहीत, कारण नवा माणूस आला की विभागणी जवळ येते. काही वर्षांनी त्याच माणसांना एकमेकांची सगळी साक्ष पाठ झालेली असते आणि बैठक सवयीपुरती उरते. म्हणून विभागणीची कल्पना पहिल्या बैठकीतच द्यावी, ती घडेल तेव्हा उपासनेत जाहीर आशीर्वाद द्यावा आणि दोन्ही गटांनी अधूनमधून एकत्र यावे, असे अनुभवी लोक सुचवतात. ही वेदना टाळता येत नाही. परंतु ती कोणासाठी सोसायची हे गटाला आधीच ठाऊक असले तर ती सोसली जाते.

वाढ खुंटण्याची इतरही कारणे दिसतात. गटप्रमुख हळूहळू प्रवचनकार होतो, सहभागाच्या नावाखाली शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या निघतात, प्रार्थनेपेक्षा धर्मग्रामाच्या कारभारावरील टीका अधिक रंगते, किंवा बदली होऊन आलेल्या नव्या प्रमुख धर्मगुरूला हे काम आपले वाटत नाही. शेवटचे कारण सर्वांत गंभीर आहे. धर्मप्रांताच्या पातळीवर पाठबळ नसेल तर एका धर्मगुरूच्या तळमळीवर उभे राहिलेले काम त्याच्याबरोबरच दुसऱ्या गावी जाते, आणि मागे राहिलेल्या गटप्रमुखांना आपण उघड्यावर पडलो असे वाटते.

मुंबई-वसईचा अनुभव

महाराष्ट्रात लहान समूहांची वाट वेगळ्या दिशेने आली. १९९० मध्ये बांडुंग येथे आशियाई बिशपांच्या महासंघाने समूहांनी मिळून बनलेला समूह, अशा चर्चची कल्पना मांडली आणि तिच्या प्रसारासाठी दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत फ्रिट्झ लोबिंगर व ओसवाल्ड हिर्मर या धर्मगुरूंनी विकसित केलेले साहित्य आशियात वापरले गेले. मुंबईच्या धर्मप्रांतात त्याआधीच, १९८०च्या दशकात, बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने लहान ख्रिस्ती समूहांचे काम सुरू झाले होते, आणि १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताला तो वारसा मिळाला. हे समूह वस्तीवर आधारलेले असतात : एका आळीतील, वाडीतील किंवा इमारतीतील साधारण तीस-चाळीस कुटुंबांचा एक समूह. त्यांच्या बैठकीत लुम्कोची सात पायऱ्यांची शुभवर्तमान-सहभागाची पद्धत वापरली जाते, म्हणजे प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेले शब्द सावकाश पुन्हा उच्चारणे, मौन, सहभाग, समूहाने करायच्या कामाचा विचार आणि उत्स्फूर्त प्रार्थना. मिलानची सात अंगे आणि लुम्कोच्या सात पायऱ्या यांत सहभाग व उत्स्फूर्त प्रार्थना यांचा धागा समान असला, तरी एक नात्यांच्या वर्तुळाकडे पाहते आणि दुसरी वस्तीच्या सामायिक प्रश्नांकडे, मग तो प्रश्न पाण्याचा असो वा रस्त्याचा.

या भूमीत वस्तीच्या प्रार्थनेची मुळे आधीपासूनच खोल आहेत. मुंबईच्या जुन्या गावठाणांतील पुष्कळ क्रूस १८९६ साली आलेल्या प्लेगच्या दिवसांत उभारले गेले आणि मे महिन्यात त्यांच्यापुढे शेजारपाजार रोजरीसाठी जमतो. वसईच्या आळ्यांमध्येही क्रुसाभोवतीची सायंप्रार्थना परिचित आहे. तिथे शेजारी आणि भाऊबंद बहुधा एकच असल्यामुळे वस्ती आणि नात्यांचे वर्तुळ यांत पूर्वी अंतर नव्हते. आता वसई-विरारच्या नव्या संकुलांत निरनिराळ्या गावांहून व राज्यांतून आलेली कॅथलिक कुटुंबे एकाच मजल्यावर राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत; रात्री उशिराच्या लोकलने घरी परतणाऱ्या पुरुषांना आळीच्या प्रार्थनेची वेळ जमत नाही आणि समूहाच्या बैठकीत मुख्यतः स्त्रिया व वयोवृद्ध दिसतात. अशा ठिकाणी दोन्ही पद्धतींची जोड उपयोगी ठरेल. वस्तीच्या समूहाने सर्व कुटुंबांची दखल घ्यावी आणि त्याच्या पोटात, सदस्यांच्या सोयीच्या वेळी, सुवार्तेच्या हेतूने बांधलेले लहान गट असावेत. समूहामुळे गटाला जमीन मिळेल आणि गटामुळे समूहाला दुरावलेल्या माणसाकडे जाण्याची दिशा मिळेल.

धर्मग्रामाच्या वार्षिक आढाव्यात गटांची संख्या सहज मोजता येते, पण तिच्यावरून कामाची खरी स्थिती कळत नाही. गेल्या वर्षी जे कोणाच्याच प्रार्थनेत नव्हते अशा किती जणांचा यंदा कोणीतरी नाव घेऊन विचार करतो आहे, हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारला गेला पाहिजे. ज्या धर्मग्रामाला हे काम सुरू करायचे आहे त्याने मोठ्या घोषणेची वाट पाहू नये. विश्वासू अशा आठ-दहा माणसांना एकत्र आणावे, त्यांना मौनात बसायला आणि दुसऱ्याचे ऐकायला शिकवावे, आणि विभागणीचे दुःख पुढे येणार आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. या तयारीला लागणारे महिने धर्मग्रामाने कमी करू नयेत, कारण पुढे दुरावलेला माणूस दाराशी आल्यावर त्याला कसे वागवायचे, हे गट त्या महिन्यांतच शिकलेला असतो.